जादू वाचणाऱ्या पोरीला घाबरू नका

माझी भाची तुमसरला सातवीत शिकते आणि हातात पुस्तक पडलं की दोन दिवसांत संपवते. तिला पुस्तकं पुरवायचं काम माझ्याकडे आहे. सध्या तिची मागणी एकच: जादूची पाहिजेत, आणि पुढे भरपूर भाग असलेली पाहिजेत. यावर नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना मत आहे. अभ्यासाचं काय, डोळे जातील, जरा चरित्रं वाचायला दे. ती मतं मी ऐकून सोडून देतो. एक आक्षेप मात्र सोडून देता येत नाही, कारण तो घेणारा माणूस भला आहे.

ओळखीतले एक निवृत्त गुरुजी आहेत. खेड्यापाड्यांत अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्यात त्यांची हयात गेली. ते मला म्हणाले, "काऊन बा, आपल्या भागात जादूटोन्याच्या नावानं मानसं मारतेत, अन् तू पोरीले चेटकिनीचे पुस्तकं आनून देऊन रायला?"

गुरुजींची भीती हवेतली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून सात जणांना चौकात बांधून मारलं गेलं. त्यांत म्हातारी माणसं होती. तेव्हा जादूटोणाविरोधी कायदा होऊन आठ वर्षं होत आली होती. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी आळ घेतले जातातच.

म्हणून गुरुजींना हसण्यावारी नेणं मला जमणार नाही. पण त्यांचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. 'जादू' या एका शब्दात त्यांनी एकमेकींच्या उलट अशा दोन गोष्टी कोंबल्या आहेत.

करणी मानणारा माणूस प्रश्न विचारत नाही. पोराचा ताप उतरत नाही, म्हैस आटली, म्हणजे कुणीतरी केलं. कुणी? ती एकटी राहणारी म्हातारी. कसं केलं, कुणी पाहिलं, याची गरजच पडत नाही. गोष्टीतली जादू वाचणारं पोरगं नेमकं उलटं वागतं. हे सगळं रचलेलं आहे हे त्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, आणि तरीही ते नियम मागतं. हॅरी पॉटर वाचताना भाचीनं मला पकडलं: "मामा, तिसऱ्या भागात काळ मागे नेणारं यंत्र आहे, तर मग त्याच्या आईबाबांना वाचवायला कुणी का नाही वापरलं?" जगभरातल्या वाचकांनी लेखिकेला धरलेला हा मुद्दा तुमसरच्या पोरीनं आपलाआपण काढला. उद्या हिला कुणी सांगितलं की शेजारणीनं लिंबू टाकून म्हैस आटवली, तर ती आधी विचारणार, "कसं?"

आपल्याकडे हे नवीन नाही. 'चांदोबा'तला वेताळ आठवा. प्रेतात शिरलेलं भूत, मध्यरात्र, स्मशान, आणि ते भूत करतं काय, तर राजाला तर्काचं कोडं घालतं. पिढ्यान् पिढ्या पोरं त्या भुताच्या प्रश्नाचं उत्तर स्वतः शोधत बसली. ती सगळी काही मांत्रिकाच्या दारात गेली नाहीत.

गुरुजींचं एक मात्र खरं आहे. काही गोष्टी धोक्याच्या असतातच. पण कोणत्या? ज्यांत चेटकीण म्हणजे कुरूप, म्हातारी, एकटी बाई असते आणि शेवटी तिला भट्टीत ढकललं की सगळे टाळ्या वाजवतात. अशा गोष्टी आपण कशातून देतो? पातळ, रंगीत, खाली तात्पर्य छापलेल्या संस्कारकथांमधून. त्या घरात येतात तेव्हा कुणाचीही भुवई उंचावत नाही. पाचशे पानी जादूची कादंबरी आली की चौकशी सुरू.

आता टेरी प्रॅचेटची टिफनी एकिंगची मालिका घ्या. पाच भाग, पहिला २००३ चा. टिफनी नऊ वर्षांची, मेंढपाळांच्या घरातली. राक्षसिणीचे डोळे सूपाच्या बशीएवढे, असं पुस्तकात वाचल्यावर ती उठून बशी मोजते. तिच्या गावात एक म्हातारी असते. जहागीरदाराचा मुलगा हरवतो आणि गाव म्हातारीवर संशय घेतं, तिला घराबाहेर काढतं. ती थंडीत मरते. तिनं काहीच केलेलं नसतं. हे पुन्हा होऊ नये म्हणून टिफनी स्वतः चेटकीण व्हायचं ठरवते. भाचीचं इंग्रजी अजून इथवर पोचलेलं नाही, म्हणून मी रोज रात्री दहा मिनिटं मराठीत गोष्ट सांगून व्हॉइस नोट पाठवत गेलो. म्हातारीच्या भागानंतर तिचा मेसेज आला: "गावातल्या कुणालाच शिक्षा नाही झाली?"

हा प्रश्न पडावा म्हणूनच मी ही पुस्तकं देतो.

तुमच्या घरात असं वाचणारं पोरगं असेल आणि निवड तुमच्यावर आली असेल, तर माझ्या कसोट्या तीन. एक, जादूला किंमत हवी. उर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'त (पहिला भाग १९६८) इथे पाडलेला पाऊस दुसरीकडे दुष्काळ आणू शकतो. धानपट्ट्यातल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यातला गेड बढाईपायी नको ते करून बसतो आणि पुस्तकभर ते फेडतो. शिवाय तो सावळा आहे, हेही मला महत्त्वाचं वाटतं. दोन, संशयाची तपासणी हवी. हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागात सापांशी बोलता येतं म्हणून अख्खी शाळा हॅरीवर आळ घेते. तिसऱ्या भागातला कैदी बारा वर्षं निर्दोष असून तुरुंगात असतो. ही मालिका मंजुलनं मराठीत आणली आहे, 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून सुरू करा. तीन, मोठेपणा रक्तातून येत असेल तर पुस्तक परत करा. थोर कुळात जन्मला म्हणून थोर, ही गोष्ट आपल्या पोरांना शिकवायला पुस्तक लागत नाही. आजूबाजूला ती फुकट मिळते.

पहिला भाग आधी स्वतः वाचा. पुढचे भाग मिळतात का, ते बघून मगच पहिला हातात द्या. अर्ध्यात तुटलेली मालिका फार छळते.

आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. तुम्ही शाळेत येऊन चमत्कारांमागची हातचलाखी दाखवता, ती पोरांना आवडते. त्याच पिशवीत या कादंबऱ्याही ठेवा. प्रयोग तासाभरात संपतो. सात भागांची मालिका वर्षभर पोरांना एकच सवय लावते: आळ ऐकला की पुरावा मागायचा.