परक्या पोळीचा विटाळ

सास्तूरचे आम्ही चौघे मित्र खाद्यमहोत्सवात मेक्सिकोचा तोर्तिया चाखत होतो. मक्याची भाकरीच ती! शेजारचे गृहस्थ साबुदाणावडा खात गरजले, "या परदेशी खाण्याने धर्म बुडाला!"

अहो, साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेचा. ठेच्यातली मिरचीही अमेरिकेची, पोर्तुगीजांनी आणलेली. एकादशीचा बटाटा तर पेरूचा, देश पेरू, फळ नव्हे (आणि ते फळही तिकडचेच!). विठोबाने कुणाचा दाखला मागितला? आपली ज्वारीसुद्धा हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आमचे गाव कोसळले. भूकंपग्रस्त गावांच्या पुनर्वसनाला जागतिक बँकेचे कर्ज लागले. तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नाही. तो बुडायला मेक्सिकोची एक भाकरी पुरते काय?