घारींना अटकाव, गिधाडांना निवारा

येलहंका (बंगळूरू) : एअरो इंडिया २०२५ च्या काळात येलहंका हवाई तळाभोवती १३ किलोमीटरपर्यंत मांसविक्री बंद होती. उघड्यावरच्या मांसावर घारी जमतात, त्यांचा विमानांना धोका. गिधाडांची गत उलटी: गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने त्यांचे अन्नच विषारी केले आणि ती बंदिवासात वाढवावी लागली. हरियाणातील पिंजोर केंद्राचे वसाहत-पिंजरे १०० फूट लांब, ४० फूट रुंद, २० फूट उंच आहेत. छत जाळीचे असल्याने ऊन-पाऊस आत येतो. दिवसाची घटती-वाढती लांबी पक्ष्यांना कळते. विणीसाठी हा नैसर्गिक प्रकाश हवाच. मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेव्हा जागेची काटकसर महागात पडते. तेथील वीस गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा व पेंचला आणली गेली. तिथे त्यांचे भवितव्य आसपासच्या गुरांना कोणते औषध टोचले जाते, यावर अवलंबून राहील.