ट्रेलरला टेकू द्यावा का?

आधीच सांगून टाकते, मला गाडी चालवता येत नाही. स्कूटरवर मागे बसणे यापलीकडे वाहनांशी माझा कधी संबंध आला नाही. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, तोही मराठी माध्यमातल्या बीएच्या जोरावर. तरीही आज जॅक, टायर आणि ठोकळे या विषयावर मत मांडणार आहे. हसू आलं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा!

माझी मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे दिवाळीपर्यंत थांबले होते. शेजारी एक आजोबा राहतात. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे, पण नातवंडं त्यांना आजोबा म्हणतात म्हणून मीही म्हणते. त्यांच्या घरामागे गवतावर एक ट्रॅव्हल ट्रेलर उभा असतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढून न्यायचा. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळं. लांबी पंचवीस फूट, वजन तीन टनांच्या आसपास आणि हा सगळा भार मधोमध असलेल्या चार चाकांवर. इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट गावाच्या परिसरात अशी घरं बनवण्याचे इतके कारखाने आहेत की त्या गावाची ओळखच ती आहे.

मे ते सप्टेंबर लोक ही घरं घेऊन भटकतात. ऑक्टोबर आला की आवराआवर. नळांतलं पाणी काढून त्यात न गोठणारं गुलाबी द्रव भरायचं, बॅटरी काढून घरात ठेवायची, उंदरांच्या वाटा बुजवायच्या. इथवर सगळ्यांचं एकमत. वाद पुढे सुरू होतो. पाच-सहा महिने हा तीन टनांचा बोजा टायरवर उभा ठेवायचा, की जॅकने उचलून खाली टेकू देऊन टायर अधांतरी ठेवायचे?

आजोबा टेकूवाले. त्या ऑक्टोबरात आमचे जावई त्यांच्या मदतीला गेले होते आणि मी स्वेटर-शाल घालून पायरीवर बसले होते. आदल्या दोन दिवसांत पाऊस पडला होता. एक बाजू उचलून झाली, खाली लोखंडी स्टँड लावले आणि दुसरी बाजू उचलताना पहिल्या बाजूचा एक स्टँड ओल्या मातीत खचला. आवाज फार मोठा झाला नाही. ट्रेलर वीतभर कलला आणि थांबला. पण त्याच्या अगदी आधी आजोबांनी खालची फळी सरळ करायला हात आत घातला होता. तो त्यांनी नुकताच बाहेर काढला होता. जावयांचा चेहरा पांढराफटक पडला. आजोबा मात्र हात झटकून म्हणाले, "होतं असं कधीकधी."

मला ते "होतं असं" काही पचेना. शिक्षिकेची खोड, दुसऱ्या दिवसापासून मी विषयाच्या मागे लागले. जावयांकडून माहितीपुस्तिका मिळवल्या, शब्दकोश घेऊन बसले, अडलं तिथे मुलीला विचारलं. जे कळलं ते असं.

टेकूवाल्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. टायर एकाच जागी भाराखाली उभा राहिला की जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. जुन्या काळच्या नायलॉनच्या आडव्यातिडव्या थरांच्या टायरांत हे फार व्हायचं. सकाळी गाडी काढली की पहिले काही मैल धडधड आवाज यायचा. हल्लीच्या रेडियल टायरमध्ये हे कमी होतं, आणि झालंच तरी थोडं अंतर गाडी चालल्यावर, रबर गरम झाल्यावर, बहुधा जातं. टायरमध्ये हवा कमी असेल आणि महिनोन् महिने तसाच उभा राहिला असेल, तर मात्र चपटेपणा कायमचा राहू शकतो. म्हणूनच काही टायर कंपन्या आजही सांगतात, लांबच्या मुक्कामासाठी ट्रेलर ठोकळ्यांवर चढवा. हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

पण टायर खरा मरतो कशाने? भाराने फार कमी. ऊन, हवेतला ओझोन आणि वय हे त्याचे खरे शत्रू. ट्रेलरचे टायर तर झिजून बाद होण्याच्या आधीच म्हातारे होऊन बाद होतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात. पाच-सात वर्षं झाली की बदला, असाच सल्ला साधारणपणे दिला जातो. टायरच्या कडेवर त्याची जन्मतारीख असते, हे मला प्रथमच कळलं. शेवटचे चार आकडे पाहायचे. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला.

दुसरी गोष्ट मला फारच आवडली. टायरच्या रबरात मेणासारखे काही पदार्थ मिसळलेले असतात. चाक फिरतं, रबर दबतं आणि सुटतं, तसतसे ते आतून पृष्ठभागावर येतात आणि रबराचं रक्षण करतात. म्हणजे टायरची राखण त्याच्या फिरण्यानेच होते. उभा राहिलेला टायर वाळतो. आता टेकू देऊन टायर हवेत लोंबकळत ठेवला, तर तो फिरतो का? नाही. ऊन लागायचं थांबतं का? नाही. वय वाढायचं थांबतं का? तेही नाही. चार दुखण्यांपैकी एकावर, तेही सर्वांत सौम्य दुखण्यावर, एवढा मोठा आणि जोखमीचा उपाय!

आणि जोखीम केवढी ते पाहा. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना घडीचे छोटे जॅक असतात. आत चालताना घर हलू नये, एवढंच त्यांचं काम. वजन पेलायला ते केलेलेच नसतात. तरी पुष्कळ लोक त्यांच्यावरच ट्रेलर उचलतात. ज्या सांगाड्याला मधोमध चाकांचा आधार आहे, त्याला टोकांवर तोलून धरलं तर मध्ये झोळ पडणारच. मग दारं अडकतात, खिडक्यांच्या चौकटी तिरक्या होतात. बरं, ॲक्सलखालीच जॅक लावावा म्हटलं, तर ॲक्सल बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकेत सांगतात की त्या नळीवर भार देऊन उचलू नका, ती वाकते. उचलायचं तर चाकांजवळ, मुख्य सांगाड्याखाली.

त्यात मिनेसोटाची जमीन! तिथे थंडीत जमीन इतकी खोलवर गोठते की घराचा पाया राज्याच्या दक्षिण भागात निदान ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोल घ्यावा लागतो, असा नियमच आहे. पाणी गोठताना मातीत बर्फाचे थर तयार होतात आणि जमीन वर उचलली जाते, तीही सगळीकडे सारखी नाही. वसंतात वरचा थर वितळतो, खालचा गोठलेलाच असतो, पाणी मुरत नाही आणि सगळा चिखल होतो. त्या दिवसांत तिथल्या कित्येक रस्त्यांवर जड वाहनांच्या वजनालाही मर्यादा घालतात. म्हणजे घराचा पाया साडेतीन ते पाच फूट खोल घ्यायचा आणि तीन टनांचं दुसरं घर चार लोखंडी पायांवर, नुसत्या गवतावर ठेवायचं. ऑक्टोबरात अगदी पाणसळ लावून ठेवलेला ट्रेलर एप्रिलमध्ये कसा उभा असेल, याची खात्री कोण देणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एका हिवाळ्यापुरता ट्रेलर ठेवायचा असेल, तर तो आपल्या चाकांवरच उभा राहू द्यावा. टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल दाबाइतकी हवा भरावी, कारण थंडीत दाब उतरतो. दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पौंड, आणि जास्त दाबाच्या टायरमध्ये त्याहून थोडा अधिक. चाकांखाली चाकापेक्षा रुंद फळ्या घालाव्यात, म्हणजे रबर ओल्या, गोठलेल्या जमिनीला चिकटत नाही. टायर धुऊन त्यांवर झाकणं घालावीत, चाकांना पुढून-मागून ओट लावावी. अधूनमधून हवा तपासावी. झालं! ट्रेलर अनेक वर्षं हलणारच नसेल, फरशी पक्की काँक्रीटची असेल आणि चाकं काढून घरात अंधाऱ्या, थंड जागी ठेवायची असतील, तर टेकू जरूर द्यावा. पण तो जाणत्या माणसांनी, पुस्तिकेत सांगितलेल्या जागी. आणि काही झालं तरी कुणी खाली शिरू नये. हातसुद्धा घालू नये.

हे सगळं मी आजोबांना माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझे वडील असंच करायचे. १९४२ पासून."

ते साल ऐकलं आणि माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली! दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं आणि अमेरिकेला येणारं बहुतेक सगळं नैसर्गिक रबर बंद झालं. जानेवारी १९४२ मध्ये तिथे टायरचं रेशनिंग सुरू झालं. पुढे पेट्रोलचं रेशनिंग केलं तेही मुख्यतः टायर वाचावेत म्हणून. वेगाची मर्यादा ताशी ३५ मैलांवर आणली. नवा टायर मिळणंच मुश्कील. त्या दिवसांत कितीतरी लोकांनी आपल्या मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवल्या. त्यांच्या वडिलांनी केलं ते शहाणपणच होतं. टायर जुन्या पद्धतीचे होते, मिळतही नव्हते आणि गाडी कधी हलणार तेही ठाऊक नव्हतं. आज त्यातलं एकही कारण उरलेलं नाही, फक्त ठोकळे उरलेत. आपल्याकडेही असे ठोकळे कमी नाहीत म्हणा!

पण हा सगळा युक्तिवाद मी केलाच नाही. कारण आजोबा पुढे म्हणाले, "आम्ही दोघं मिळून करायचो. ती बॅटरी धरायची आणि जॅकचे फेरे मोजायची." त्यांची पत्नी आदल्या हिवाळ्यात गेली होती. दरवर्षी सुपीरियर सरोवराच्या काठी जाणारा तो ट्रेलर त्या उन्हाळ्यात जागचा हललाच नव्हता. म्हणजे जे टायर वर्षभर फूटभरही फिरले नव्हते, ते जपण्यासाठी हा माणूस चिखलात गुडघे टेकून आपला हात धोक्यात घालत होता. ते टायरसाठी नव्हतंच, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ऑक्टोबरात करायचं ते दोघांचं काम होतं. ते थांबवा असं सांगणं मला वाटलं तितकं सोपं नव्हतं.

तरीही मी सांगितलं. चाळीस वर्षं मुलांना नको असलेल्या गोष्टी सांगण्यात गेली, तीच सवय. म्हटलं, "टायर फिरायला हवेत. माझ्या गुडघ्यांच्या डॉक्टरांनी मलाही हेच सांगितलंय." मी निवृत्त झाल्यावर वर्षभर 'आता आराम' म्हणून बसून राहिले होते. पाय धरले, उठताना भिंतीचा आधार लागायला लागला. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बाई, सांध्यांना हालचालीतूनच पोसलं जातं, रोज चाला. २०२० च्या लॉकडाऊननंतर आमच्या सोसायटीतल्या गाड्यांचीही तीच गत झाली होती. कुठे धक्का नाही, कुठे ओरखडा नाही, तरी बॅटऱ्या संपलेल्या आणि टायर बसलेले.

आजोबा हसले. काही बोलले नाहीत. मी दिवाळीनंतर परत आले.

पुढच्या मे महिन्यात मुलीचा फोन आला. आजोबांनी ट्रेलर बाहेर काढला होता. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी सोबत हवं म्हणून आमच्या मोठ्या नातवाला घेऊन तीन दिवस सुपीरियरच्या काठी राहून आले. निघण्याआधी चारही टायर बदलले, कारण त्यांच्यावरचे आकडे वाचले तर ते नऊ वर्षांचे निघाले! इतकी वर्षं ठोकळ्यांवर चढवून जपलेले टायर शेवटी वयानेच गेले होते.

आता ट्रेलर हिवाळ्यात फळ्यांवर, आपल्या चाकांवर उभा असतो. लोखंडी स्टँड आमच्या जावयांच्या गॅरेजमध्ये पडून आहेत. हवा तपासायला आजोबा बर्फातून स्वतः जातात. आमचा नातू बॅटरी धरतो आणि प्रत्येक टायरचा आकडा मोठ्याने वाचून वहीत लिहितो.

असो. आजोबांच्या मनातलं खरं काय ते त्यांनाच ठाऊक. मला एवढंच म्हणायचं आहे की तुमच्याकडे असा ट्रेलर असेल, आणि तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांपैकी काहींकडे हल्ली असतोही, तर टायरचे पैसे वाचवण्यासाठी त्याच्याखाली हात घालू नका. टायर विकत मिळतात.