झेटाची कबुली

शाळेत विज्ञान शिकवत असताना मी एक प्रयोग हमखास करायचो. चांदीच्या कागदाच्या दोन सैल पट्ट्या शेजारी शेजारी टांगायच्या आणि मोटारीच्या बॅटरीची वीज दोन्हींतून एकाच दिशेने क्षणभर सोडायची. पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जात. मुलं ओरडत, 'सर, पुन्हा!'

'झेड-पिंच'चं मर्म याच ओढीत आहे. पट्ट्यांऐवजी प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, घ्यायचा. त्यातून प्रचंड प्रवाह सोडला की तो स्वतःच्याच चुंबकीय विळख्यात आवळला जातो, तापतो. पुरेसा तापला तर हायड्रोजनचे अणुगर्भ जुळून सूर्यासारखी ऊर्जा मिळावी, ही आशा. पण विळखा भारी लहरी. प्लाझ्मा कुठे कंबरेत बारीक होतो, कुठे सापासारखा वळतो, आणि निमिषात सारं विस्कटतं.

आपल्या होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून सांगितलं होतं की, वीस वर्षांत अणुसंमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल. त्यानंतर जानेवारी १९५८मध्ये ब्रिटनमधल्या हार्वेलच्या 'झेटा' यंत्राची घोषणा झाली. तापमान पन्नास लाख अंश, आणि वर न्यूट्रॉनही! ते संमीलनातूनच आले याची नव्वद टक्के खात्री असल्याचं सर जॉन कॉकक्रॉफ्ट म्हणाले. वृत्तपत्रांनी जल्लोष केला.

मग हार्वेलमधल्याच बॅसिल रोझ यांनी न्यूट्रॉनची ऊर्जा मोजली. वायू खरोखरच सर्वत्र तापला असता, तर ती सगळ्या दिशांना सारखी भरली असती. इथे प्रवाहाच्या दिशेप्रमाणे फरक पडत होता. न्यूट्रॉन त्या विस्कटण्यातूनच आले होते. मे महिन्यात हार्वेलने तशी जाहीर कबुली दिली. झेटाला लोक फजिती म्हणतात. मला मात्र त्या घोषणेपेक्षा ही कबुलीच मोलाची वाटते. घरचाच माणूस मोजायला बसला, आणि त्याला कुणी अडवलं नाही!

पिंच काही संपला नाही. अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेचं 'झेड' यंत्र केसाहून बारीक तारांतून दोन कोटींहून अधिक अँपिअर प्रवाह क्षणार्धात सोडतं. वीजघर अजून दूर आहे. लेसरच्या वाटेने डिसेंबर २०२२मध्ये कॅलिफोर्नियात २.०५ मेगाज्यूल देऊन ३.१५ मिळवले. मीही त्या दिवशी पेढे आणले. लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती, हे मात्र मला मागाहून शोधून काढावं लागलं. हा आकडा मथळ्याशेजारीच छापायला हवा होता. पेढे मी तरीही आणले असते.