जुन्या लॅपटॉपची नवी डिस्क

शाळेच्या कार्यालयातील लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात कुरकुरू लागला. आधी तो सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेई; पुढे आतून टिकटिक ऐकू येऊ लागली. आम्ही इतिहासाचे शिक्षक. यंत्रातले आम्हाला बेताचेच कळते, म्हणून त्या आवाजाकडे आम्ही तीन आठवडे दुर्लक्ष केले. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील चकती साधारणपणे मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि मजकूर वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगत असते. तेथून अशी टिकटिक येऊ लागली की आधी सगळे दुसरीकडे उतरवून घ्यावे, लॅपटॉप पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, हे विट्याच्या दुरुस्तीवाल्याने आम्हाला सांगितले तेव्हा उशीर झाला होता.

एका माजी विद्यार्थ्याने दिलेला हा लॅपटॉप. वसतिगृहाच्या जुन्या प्रवेश नोंदवहीची छायाचित्रे, संमेलनांचे फोटो, या स्मरणिकेसाठी जमवलेले साहित्य असे सारे त्यात होते. त्यातच होते वसतिगृहाच्या आरंभापासून स्वयंपाक सांभाळणाऱ्या आजींचे चाळीस मिनिटांचे कथन. १९७२च्या दुष्काळात त्या खडी फोडायला गेल्या, तेथपासून त्यांनी सांगायला सुरुवात केली होती. बाकीचे बहुतेक वाचले. आजींचा आवाज वाचला नाही, आणि आजीही आता नाहीत.

पुढे काय करावे यावर बैठकीत दोन मते निघाली. एक म्हणजे नवाच लॅपटॉप घ्यावा. दुसरे म्हणजे दोन टीबीची मोठी डिस्क बसवावी, म्हणजे आयुष्याची काळजी मिटली. हाती सात हजार रुपये होते. नव्या लॅपटॉपचा प्रश्न तेथेच संपला आणि तो संपला हे बरेच झाले. कारण त्याचा पडदा, कळफलक, प्रोसेसर सारे धडधाकट होते. पण ‘एकच, मोठी’ या मताला आम्ही त्या दिवशीही विरोध केला आणि आजही करतो. टिकटिक करून मेलेली डिस्क काही लहान नव्हती. ती एकटी होती.

तेव्हा सात हजारांचे आम्ही दोन वाटे केले. लॅपटॉपच्या आत २५६ जीबीची एसएसडी आणि बाहेरून जोडायची एक टीबीची साधी हार्ड डिस्क. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे धक्क्याने ती सहसा बिघडत नाही आणि जुना लॅपटॉपही तिच्यामुळे चटकन जागा होतो. मात्र ती जाते तेव्हा अनेकदा टिकटिकीची सूचनाही न देता जाते. शिवाय वीज न मिळता दीर्घकाळ कपाटात पडून राहिली तर तिच्यातील मजकूर पुसट होण्याचा धोका असतो. म्हणून रोजच्या कामाला एसएसडी आणि कपाटात ठेवायला स्वस्त हार्ड डिस्क, अशी वाटणी केली.

खरेदीच्या बाबतीत आटपाडीकरांना फार सांगावे लागू नये. आपल्याकडच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात दात पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही. डिस्कचेही दात पाहावेत. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची, साटा जोडणीची डिस्क असते. तिची जाडी सात मिलिमीटर की साडेनऊ, हे मोजून घ्यावे. सातची डिस्क साडेनऊच्या खोबणीत पट्टी लावून बसते, उलटे होत नाही. एम-डॉट-टू नावाची खोबण असेल तर ती साटा चालवते की एनव्हीएमई, हे लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पाहावे. नुसती खाच जुळली म्हणजे डिस्क चालेलच असे नाही. साटाची जोडणीच सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थकते, तेव्हा दुकानदार आकड्यांचा वेग दाखवून महाग डिस्क गळ्यात मारू लागला तर हसून नकार द्यावा. वापरलेली डिस्क स्वस्त मिळते. तिला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावले की ती किती तास चालली आहे ते बहुधा दिसते. खेळायला ती ठीक. शाळेच्या नोंदी तिच्यावर ठेवू नयेत. अविश्वसनीय किमतीत सोळा टीबी देणाऱ्या जाहिराती तर सरळ फसवणूक समजाव्यात. पक्की पावती घ्यावी, आणि वॉरंटीत नवी डिस्क मिळते, हरवलेला मजकूर नव्हे, हेही ध्यानी घ्यावे.

एवढ्याशा वस्तूसाठी इतका विचार कशाला, असे एका सन्मित्राने विचारले. (त्याच महिन्यात स्वागताच्या फ्लेक्सवर झालेल्या खर्चाविषयी मात्र कोणी विचारले नाही.) आमचे उत्तर इतिहासाच्या शिक्षकाचेच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. ती नोंद रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर आजही पाहता येते, कारण ते रजिस्टर टिकले. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी किती जणांची अशी नोंद आपण दाखवू शकतो? आपल्या आटपाडीच्या शंकरराव खरातांनी बाबासाहेबांची पत्रे संपादित करून छापली, तेव्हा एकेका घरातल्या कागदाच्या शेकडो प्रती झाल्या. पुढे एखाद्या घरात मूळ पत्राला वाळवी लागली तरी मजकूर उरणार होता. आमची दुसरी डिस्क त्याच कामाची, फार धाकट्या मापाची आहे.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्यालयातील सर्व मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवला जातो आणि ती डिस्क शाळेत राहत नाही. एका शिक्षकाच्या घरी, दुसऱ्या गल्लीत राहते. आग, चोरी किंवा गळके छप्पर दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी येण्याचा संभव कमी. पहिल्या दोन महिन्यांनंतर तिसऱ्या रविवारी आम्हीच विसरलो होतो. आता ती तारीख सूचना फलकावर लिहिलेली असते आणि दहावीची मुले आठवण करून देतात.

जुनी डिस्क आम्ही टाकलेली नाही. पाकिटात घालून, तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. मोठ्या शहरांत अशा डिस्कमधून मजकूर काढून देणारे असतात. पण त्यांचा दर आमच्या दोन्ही नव्या डिस्कच्या किमतीहून बराच अधिक निघाला. तूर्त एकच आशा आहे. आजींचे कथन ध्वनिमुद्रित झाले त्या दिवशी काही माजी विद्यार्थी तेथे उपस्थित होते. गलाईच्या व्यवसायानिमित्त त्यातले काही आज दूरदूरच्या प्रांतांत आहेत. कोणाच्या जुन्या फोनमध्ये, मेमरी कार्डात त्यातील पाच मिनिटेही असतील तर कृपया शाळेला पाठवावीत. फोन बिघडलेला असला तरी विकू नये, तसाच घेऊन यावे.