भाड्याची आज्ञावली आणि कुळाचे हक्क

संगणकाच्या सॉफ्टवेअरची चोरी हा निव्वळ नीतीचा प्रश्न आहे, असे मानण्याची प्रथा पडली आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली जी दुरुस्ती झाली, तिने अशी नक्कल जाणूनबुजून वापरणाऱ्यास कैदेची शिक्षाही ठेवली. परंतु तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके जुळवून पोट भरणारा माझा एक जुना विद्यार्थी नक्कल केलेली आज्ञावली वापरतो, तेव्हा त्याला चोर म्हणण्यास जीभ धजत नाही. तो नीतिभ्रष्ट नाही; त्याला किंमत परवडत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही वस्तूच वेगळी आहे. पहिली प्रत सिद्ध होण्यास अनेकांचे श्रम लागतात; दुसरी जवळजवळ फुकट निघते. श्रमांचे दाम मिळावे, हे १९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना लिहिलेल्या अनावृत पत्रातील म्हणणे सर्वस्वी गैर नव्हते. आज्ञावली लिहिणाराही श्रमिकच आहे. मात्र श्रमाचा मोबदला वेगळा आणि मक्तेदारीचा खंड वेगळा.

चोरीला पर्याय म्हणून भाड्याचा मार्ग सुचविला जातो. जितका वापर तितके दाम, हे तत्त्व न्याय्यच आहे. पण इतिहास काय सांगतो? अमेरिकेत दुकानदार आज्ञावलींच्या तबकड्या भाड्याने देऊ लागले, तेव्हा लोक घरी नेऊन नकला करतात, अशी ओरड कंपन्यांनी केली. १९९० साली मालकाच्या परवानगीवाचून असे भाडे घेण्यास कायद्याने बंदी झाली. पुढे २०१३ साली अ‍ॅडोबी कंपनीने आपल्या प्रमुख आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीने देण्याचे जाहीर केले. म्हणजे भाडे वाईट नव्हते; ते दुसऱ्याच्या खिशात जाणे वाईट होते!

खंडाचा हा व्यवहार महाराष्ट्राला नवा नाही. १९४८ चा कूळकायदा झाला आणि पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ रोजी पात्र कुळे जमिनीची मालक मानली गेली. जमीन एका वेळी एकालाच कसता येते. आज्ञावली कितीही जणांनी वापरली तरी झिजत नाही. मग तिच्यावर तहहयात खंड कशासाठी? दुरुस्ती आणि सुधारणा यांना श्रम पडतात हे खरे. त्यांचे दाम अवश्य द्यावे.

तेव्हा भाडे असावे, पण कुळाच्या हक्कांसह. ठराविक काळ वर्गणी भरणाऱ्यास एक आवृत्ती कायमची मिळावी. जेटब्रेन्स ही कंपनी बारा महिन्यांच्या वर्गणीवर अशी सोय देते, तेव्हा हे अशक्य नाही. भाडे थकले तरी त्याने स्वतः केलेले काम त्याला उघडता आले पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकांप्रमाणे आज्ञावली देण्याची मुभा असावी. आणि जेथे मुक्त आज्ञावलीने काम भागते, तेथे सरकारी पैशाने खंड भरू नये. केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग दाखविला आहे.

आपल्याही कार्यालयांतील संगणकांवर काय चालते, हे कार्यकर्त्यांनी एकदा तपासावे. चोरून घेतलेल्या नकलेने मक्तेदारी मोडत नाही. उलट तिचीच सवय हाताला जडते. मागणी उघडपणे करायची, तर आपले घर आधी स्वच्छ हवे.