मजुरी हवी, मजूर नको

बेथलेहेम आणि जेरुसलेम या दोन शहरांमधील अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर. तरीही जेरुसलेममध्ये सकाळी सात वाजता कामावर हजर व्हायचे असेल, तर बेथलेहेमच्या गवंड्याला पहाटे तीन-चार वाजताच घर सोडावे लागत असे. वाटेवरचा ‘तीनशे’ क्रमांकाचा तपासनाका हे त्याचे कारण. दोन्ही बाजूंना लोखंडी गज, मधल्या अरुंद बोळातून पुढच्याच्या पाठीला छाती लावून सरकणारी हजारो माणसे, मग फिरती दारे, धातुशोधक यंत्र, चुंबकीय ओळखपत्र, बोटांचे ठसे आणि अखेरीस काचेआडच्या सैनिकाची मर्जी, एवढे सर्व पार केल्यानंतर त्याचा कामाचा दिवस सुरू होई. एयाल, तरकुमिया, कलंदिया या नाक्यांवरचे दृश्य याहून वेगळे नव्हते. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत इस्रायलच्या बांधकाम व्यवसायाचा फार मोठा भार या रांगेतील माणसांच्या खांद्यांवर होता.

ही सारी व्यवस्था सुरक्षिततेसाठी आहे, असे सांगितले जाते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली, तेव्हापासून हा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे असेही मानले जाऊ लागले. निरपराधांच्या त्या हत्येचा निषेध करताना कोणत्याही समाजवाद्याने चाचरण्याचे कारण नाही. परंतु त्या हत्येमुळे अर्धशतकाची परवानापद्धती न्याय्य ठरत नाही. दोन साध्या गोष्टी लक्षात घेतल्या तरी सुरक्षिततेच्या युक्तिवादाचा पोकळपणा उघड होतो.

पहिली गोष्ट अशी की, हे अडथळे प्रामुख्याने इस्रायलच्या सीमेवर नाहीतच. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने २०२३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर ६४५ अडथळे मोजले. २०२५ च्या आरंभी ही संख्या ८४९ झाली. नाके, लोखंडी फाटके, मातीचे ढिगारे, खणलेले चर यांपैकी बहुसंख्य अडथळे पॅलेस्टिनी गाव आणि पॅलेस्टिनी शहर यांच्या मध्ये उभे आहेत. नाब्लुसचा विद्यार्थी आणि रामल्लाचे विद्यापीठ, खेड्यातील बाळंतीण आणि शहरातील इस्पितळ, शेतकरी आणि त्याचेच ऑलिव्हचे शेत यांची ताटातूट करून इस्रायलची कोणती सीमा सुरक्षित होते? २००२ पासून उभारलेल्या भिंतीचा सुमारे ८५ टक्के मार्ग पश्चिम किनाऱ्याच्या आतून जातो. भिंतीपलीकडे अडकलेल्या स्वतःच्या जमिनीवर पाऊल ठेवण्यासाठीही शेतकऱ्याला परवाना काढावा लागतो आणि फाटक कधी उघडायचे हे ऋतू ठरवीत नाही, लष्कर ठरवते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही भिंत बेकायदेशीर असल्याचे मत २००४ मध्येच दिले होते.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. वर्षानुवर्षे या भिंतीला आणि कुंपणाला पडलेल्या भगदाडांतून हजारो बिनपरवाना मजूर रोज कामावर जात होते. हे सैन्याला ठाऊक होते, सरकारला ठाऊक होते आणि कंत्राटदाराला तर सर्वांत आधी ठाऊक होते. सुरक्षितता हाच एकमेव हेतू असता, तर ही भगदाडे दुसऱ्याच दिवशी बुजवली गेली असती. ती उघडी राहिली, कारण बिनपरवाना मजूर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मुका मजूर असतो.

या व्यवस्थेचे मर्म समजून घ्यायचे तर तिचा आर्थिक इतिहास पाहिला पाहिजे. १९६७ च्या जून महिन्यात पश्चिम किनारा आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले. १९७२ मध्ये सरसकट प्रवेशाची मुभा मिळाली आणि पॅलेस्टिनी शेतकरी व कारागीर इस्रायली बाजारात मजूर म्हणून लोटले गेले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्याप्त प्रदेशातील कामकरी लोकसंख्येचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग इस्रायलमध्ये राबत होता. १९९१ मध्ये ही सरसकट मुभा रद्द झाली, प्रत्येकाला स्वतंत्र परवाना लागू लागला. १९९३ मध्ये सर्वंकष नाकेबंदी आली. म्हणजे आधी माणसाला त्याच्या शेतीतून आणि धंद्यातून उपटून मजुरीवर अवलंबून केले आणि मग त्या मजुरीचे दार आपल्या मुठीत घेतले.

दरम्यान पर्यायी अर्थव्यवस्था उभी राहणार नाही याचीही तजवीज झाली. १९९४ च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनी आयातीवरील जकात इस्रायल गोळा करतो. पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या महसुलाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग त्यामुळे इस्रायलच्या हातातून येतो आणि राजकीय रोष होताच तो अडवला जातो. १९९५ च्या ऑस्लो करारातील ‘क’ विभाग, म्हणजे पश्चिम किनाऱ्याची सुमारे ६० टक्के भूमी, आजही इस्रायलच्या पूर्ण नियंत्रणाखाली आहे. या विभागातील निर्बंध उठले तर पॅलेस्टिनी अर्थव्यवस्थेच्या राष्ट्रीय उत्पन्नात सुमारे ३५ टक्क्यांची भर पडू शकेल, असा अंदाज जागतिक बँकेने २०१३ मध्ये वर्तविला होता. जागतिक बँक ही काही समाजवाद्यांची संस्था नव्हे!

परवान्याचे खरे कार्य येथे दिसते. परवाना मजुराचा नसून मालकाचा असे; मालकाने काढून टाकले की नोकरीबरोबर प्रवेशाचा हक्कही संपे. कागदोपत्री इस्रायली कामगार कायदे पॅलेस्टिनी मजुरालाही लागू आहेत. पण थकलेली मजुरी मागणे, परातीवरून पडून हात मोडला तर भरपाई मागणे, याचा परिणाम उद्या परवाना जाण्यात होणार असेल, तर तो कायदा कोण वापरणार? शिवाय गुप्तचर खात्याने ‘सुरक्षेच्या कारणास्तव बंदी’ असा शेरा मारला की कारण विचारण्याचीही सोय उरत नाही. या असहायतेतून दलालांचा एक नवा वर्ग निर्माण झाला. महिन्याला दोन ते अडीच हजार शेकेल दलाली देऊन हजारो मजूर आपल्याच श्रमाचा हक्क विकत घेत होते. २०२० च्या अखेरीस बांधकाम मजुरांना मालक बदलण्याची मुभा देणारी सुधारणा झाली. दलाली मात्र संपली नाही. पश्चिम किनाऱ्यावरील मजुरीच्या दुपटीहून अधिक मजुरी इस्रायलमध्ये मिळते, या फरकावरच तो दलाल जगतो. आणि हा फरक निसर्गाने नव्हे, नाकेबंदीने निर्माण केला आहे.

येथे समाजवादी चळवळीने एक कटू हिशेब डोळे उघडे ठेवून तपासला पाहिजे. १९५० च्या दशकात भारतातील अनेक समाजवाद्यांना किबुत्झचे आणि हिस्ताद्रुत या कामगार महासंघाचे मोठे आकर्षण होते. १९५३ च्या रंगूनच्या आशियाई समाजवादी परिषदेत इस्रायलचा मापाई पक्ष सन्मानाने बसला होता. परंतु त्याच हिस्ताद्रुतने आरंभीच्या काळात ‘हिब्रू श्रम’ या घोषणेखाली अरब मजुराला कामावरून दूर ठेवण्याचा पुरस्कार केला. अरब नागरिकांना पूर्ण सभासदत्व मिळायला १९५९ साल उजाडावे लागले. १९७० नंतर व्याप्त प्रदेशातील मजुराच्या वेतनातून एक टक्का वर्गणी कापली गेली, सभासदत्व मात्र दिले गेले नाही. ज्या संघटनेत वर्गणी आहे पण मत नाही, तिला कामगार संघटना म्हणता येत नाही. वर्गाच्या आधी वंश पाहणारा समाजवाद हा समाजवाद राहत नाही, हा यातील धडा आहे.

हा आरोप ज्यू जनतेवर नाही, हे निक्षून सांगितले पाहिजे. कोकणातील बेने इस्रायली समाज शतकानुशतके मराठी मातीत निर्भयपणे नांदला, याचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान आहे. खुद्द इस्रायलमध्ये २००१ पासून ‘माखसोम वॉच’च्या स्त्रिया नाक्यांवर उभ्या राहून तेथील अन्यायाची नोंद करीत आल्या आहेत आणि ‘काव लाओवेद’ ही संस्था पॅलेस्टिनी मजुरांचे खटले लढवीत आली आहे. लढा राजवटीशी आहे, धर्माशी नाही.

ऑक्टोबर २०२३ नंतर पश्चिम किनाऱ्यावरील दीड लाखांच्या आसपास परवाने एका फटक्यात स्थगित झाले. त्यानंतर फार थोड्यांना परत घेण्यात आले. तेथील बेकारी काही महिन्यांत दुपटीहून अधिक होऊन ३० टक्क्यांपलीकडे गेली. आणि मोकळ्या झालेल्या परातींवर कोणाला चढवायचे, या प्रश्नाचे उत्तर भारतात शोधले गेले. ४२ हजार भारतीय कामगार पाठविण्याचा समझोता मे २०२३ मध्येच झाला होता, हे खरे. पण त्याची घाई झाली ती पॅलेस्टिनी मजुराला हाकलल्यानंतर. २०२४ च्या आरंभी हरियाणा आणि उत्तर प्रदेशात भरती झाली, दुसऱ्या फेरीसाठी महाराष्ट्राचे नाव जाहीर झाले. महिना सव्वा लाखाहून अधिक रुपयांच्या आशेने तरुण रांगेत उभे राहिले.

त्या तरुणांना दोष देणे हा निव्वळ ढोंगीपणा ठरेल. युद्धभूमीपेक्षा गावातील रिकामे हात ज्यांना भयानक वाटतात, त्यांची दैना हा येथील राज्यकर्त्यांवरचा आरोप आहे. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने आपल्या गवंड्यांना परक्या देशातील नाकेबंदीचे भागीदार व्हावयास लावावे, यासारखी अधोगती कोणती? देशातील प्रमुख केंद्रीय कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच संयुक्त पत्रक काढून या निर्यातीला विरोध केला, तो याच भूमिकेतून. एका देशाच्या भुकेल्या मजुराला दुसऱ्या देशाच्या बेड्या घातलेल्या मजुराविरुद्ध वापरणे, ही भांडवलशाहीची जुनी युक्ती आहे. संपफोड्यांची भरती याच रीतीने होत असते.

ज्या भारताने १९४६ मध्ये, स्वतः स्वतंत्र होण्यापूर्वी, वंशद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली, त्या भारताला तटस्थतेची भाषा शोभत नाही. दक्षिण आफ्रिकेतील पासपद्धतीचा हेतूही हाच होता: श्रम शहरात यावेत, श्रमिक मात्र संध्याकाळी परत जावा. १९८६ मध्ये ती पद्धती गेली, कारण तेथील जनता लढली आणि जगाने तिला एकटे सोडले नाही. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पॅलेस्टिनी प्रदेशावरील इस्रायलचा ताबाच बेकायदेशीर ठरविला आहे. या मताला बळ देणे हे आता सरकारांइतकेच जनतेच्या चळवळींचे काम आहे.

कार्यकर्त्यांनी म्हणूनच कामगारांच्या वस्त्यांत जाऊन दोन मागण्या एका श्वासात मांडल्या पाहिजेत. आपल्या गवंड्याला आपल्या देशात सन्मानाचे काम हवे आणि बेथलेहेमच्या गवंड्याला त्याच्या देशात. या दोन मागण्या वेगळ्या नाहीत. ज्याला मजुरी हवी त्याने मजुराचे नागरिकत्व, त्याची संघटना आणि त्याची भूमीही मान्य केली पाहिजे. हे ज्या व्यवस्थेला मान्य नाही, तिला एकही हात उसना देता कामा नये.